इल्झेने एसी बंद ठेवला तो उन्हाळा

रविवार, दहा ऑगस्ट. सकाळी शेजारच्या बंद फ्लॅटमध्ये हजर: मी; माझी मुलगी सई, एका कानात इअरफोन; आणि नवरा मिलिंद, पण तो उंबऱ्याबाहेर, म्हणून अर्धाच हजर. गैरहजर: घराचे आताचे भाडेकरू, पुण्याचं एक तरुण जोडपं, सुट्टीवर गावी गेलेलं. आणि त्यांच्याआधी इथे राहणारी इल्झे. तिचं नाव या यादीत यायचं कारण नाही, पण या घराचं दार उघडलं की ती हजेरीत येतेच.

इथे आखातात ऑगस्टमध्ये डिस्कव्हरी गार्डन्समधली आमची बिल्डिंग अर्धी रिकामी होते. शाळा बंद, ऊन असह्य, लोक भारतात जातात, आणि जाताना किल्ल्या माझ्याकडे ठेवतात. मी मरीनातल्या एका कंपनीत ॲडमिन बघते, त्यामुळे बिल्डिंगचंही ॲडमिन आपोआप माझ्याकडे आलं असावं. किल्ली देणारे मला सूचना देत नाहीत, मीच त्यांना देते. एसी चोवीसवर चालू राहू द्यायचा. कपाटांची दारं उघडी. चामड्याच्या चपला, बॅगा, पट्टे कपाटात कोंबायचे नाहीत. वीज वाचवायला एसी बंद करून जाणाऱ्याला मी एकच सांगते, "परत याल तेव्हा घरात तुमच्याआधी दुसरं कुणीतरी राहायला आलेलं असेल." लोक हसतात. इथे नवीन आलेले जास्त हसतात.

आज मी थर्मोस्टॅट बघितला. चोवीस. नळ बघितले. मग सईला म्हटलं, "कपाट जरा पुढे ओढ."

"आई, का? इट्स नॉट इव्हन आवर हाऊस."

"ओढ."

तिने ओढलं. कपाटामागे, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, अंगठ्याएवढा करडा डाग होता. मागच्या वर्षी होता त्याच जागी. सईने कानातला इअरफोन काढला. उंबऱ्याबाहेरून मिलिंदने विचारलं, "आहे का?" मी "आहे" म्हटलं. आणि मला पुन्हा तोच वास आला, ओल्या पुठ्ठ्याचा, बंद पेटीचा.

इथल्या दमट महिन्यांबद्दल भारतातल्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं वाळवंट म्हणजे कोरडं. सकाळी खिडकीची काच बाहेरून घामेजलेली असते, पुसावी तर आतून काहीच निघत नाही. दार उघडून कॉरिडॉरमधून खाली उतरलं की चष्म्यावर वाफ धरते आणि आपण दोन क्षण आंधळे होतो. गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं. आवारातल्या खजुरीचे घोस जाळीच्या पिशव्यांत बांधलेले असतात आणि पिकताना त्यांचा गोड, थोडा कुजका वास पार्किंगपर्यंत पसरतो. समुद्र दिसत नाही इथून, पण या दिवसांत तो हवेतून चालत घराघरात येतो. आत घेतला की तो जात नाही.

इल्झेला हे ठाऊक नव्हतं. ती ज्या देशातून आली होती तिथे खिडकी उघडली की घर वाळतं.

मागच्या जूनमध्ये ती शेजारी राहायला आली. उंच, पन्नाशीची, केस आखूड आणि पांढरे, रंगवायचे कष्ट न घेतलेले. पहिल्या आठवड्यात बेल वाजवून तिने विचारलं, "एसी पूर्ण बंद कसा करायचा? बटण सापडत नाही."

"करायचा नाही," मी म्हटलं.

"पण माझा गळा."

"गळा झाका. एसी चालू ठेवा."

ती हसली. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, तिचं तिच्या वळणाचं, माझं माझ्या. तिने सांगितलं की ती गायिका आहे, लाटव्हियाची, मरीनातल्या एका हॉटेलात संध्याकाळी गाते, आणि एसीची कोरडी हवा गळ्याला सँडपेपरसारखी घासते. दिवसातले कितीतरी तास हॉटेलात ती हवा घ्यावीच लागते. निदान घरी तरी नको. मी तिला बुरशीबद्दल सांगितलं. तिने मान डोलावली, आभार मानले, घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी बटण शोधून काढलं.

आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच पातळ भिंत. शनिवार-रविवारी दुपारी मी इस्त्री करत असे तेव्हा पलीकडे तिचा रियाज चाले. आधी ओठांचा फुर्रर्र आवाज, घोड्यासारखा. मग खालून वर, वरून खाली, एकेक पायरी. शेवटी एक संथ इंग्रजी गाणं, दर वेळी तेच. मला सुरांतलं काही कळत नाही. आमच्या घरात गाणं म्हणजे गणपतीतल्या आरत्या आणि मिलिंदचं बाथरूममधलं. पण कालच्यात आणि आजच्यात काय बदललं ते मला कळतं. ऑफिसात वर्षानुवर्षं तेच केलं आहे.

सई तिच्या प्रेमात पडली. "आई, शी हॅड अ हिट साँग! लाइक, ऑन द रेडिओ!" तिने मोबाइलवर शोधूनही काढलं. विशीतली इल्झे, लांब सोनेरी केस, सायकलवरून निघालेल्या मुलीचं गाणं. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, इल्झे सांगायची, दुकानांत काही मिळत नव्हतं, पण त्या उन्हाळ्यात प्रत्येक लग्नात, प्रत्येक बसमध्ये तिची सायकल होती. आई माशांच्या कारखान्यात डबे भरायची. तिथल्या बायका काम करताना गायच्या, म्हणून इल्झेही आधी गायला शिकली आणि वाचायला नंतर. सायकलच्या गाण्याने तिला नाव दिलं आणि तिथेच थांबवलं. तिला जॅझ गायचं होतं. तळघरातल्या क्लबात ती ते शिकली, एका पियानोवाल्याकडून, त्याच्याशी लग्न केलं, ते मोडलं. मग जहाजांवर गायली, मग हॉटेलांत, एका देशातून दुसऱ्या देशात. "आणि दर ठिकाणी," ती म्हणायची, "कुणीतरी लाटव्हियन पर्यटक उठून येतो आणि म्हणतो, ते सायकलचं म्हणा ना."

सईला ती आठवड्यातून एकदा शिकवू लागली. तासाचे शंभर दिरहम म्हणाली तेव्हा मिलिंद मोठ्याने हिशोब करायला लागला, "म्हणजे तेवीसशे रुपये! लोळायचे?" कारण पहिल्या धड्यात सई आमच्या हॉलमध्ये उताणी झोपली होती आणि तिच्या पोटावर तूरडाळीची पिशवी. श्वास घेतला की पिशवी वर, सोडला की खाली. इल्झे शेजारी मांडी घालून बसलेली. "आवाज गळ्यात नसतो," तिने सांगितलं. "तो डाळीखाली असतो." पुढे कितीतरी दिवस मी आमटीला डाळ काढताना सईच्या पोटाचा विचार करत असे.

जुलैत तिला पत्र आलं. तिच्या शहरातून, रिगाहून. डिसेंबरात तिथल्या एका जुन्या सभागृहात कार्यक्रम, फक्त तिचा, फक्त जॅझचा. सायकलचं एकही गाणं नाही, असं बोलावणाऱ्यांनीच लिहिलं होतं. ती आमच्या दारात उभी राहून ते मला वाचून दाखवत होती आणि मध्येच थांबून खोकत होती. "वृंदाताई," ती म्हणाली, सगळे मला ताई म्हणतात ते ऐकून तिला ते माझ्या नावातच आहे असं वाटे, "मी तीस वर्षं यासाठी गात होते."

मी अभिनंदन केलं. आणि मला तिच्या कपड्यांना वास आला.

वास आधी आला, हे मला स्पष्ट आठवतं. मग खोकला. मग आवाज. त्या संथ गाण्यात एक जागा होती, खालून वर जाताना वळण घेणारी. जूनमध्ये ती गुळगुळीत होती. जुलैच्या शेवटी तिथे एक पायरी निखळली. भिंतीपलीकडे ती त्या जागी यायची, आवाज क्षणभर नाहीसा व्हायचा आणि पुढे परत सापडायचा. ती थांबून पुन्हा म्हणायची. पुन्हा तिथेच. इस्त्री हातात धरून मी वाट बघत राहायचे. एकदा मिलिंदचा शर्ट जाळला.

एका शुक्रवारी आम्ही दोघं हॉटेलात तिला ऐकायला गेलो. संध्याकाळ होती. लाउंज उंचावर, मोठ्या काचा, पण त्या दिवशी काचांबाहेर काही नव्हतं. दमट धुक्याने मरीनाचे टॉवर गिळले होते, फक्त टोकांचे लाल दिवे मधूनच उघडझाप करत होते. पियानोवर एक फिलिपिनो गृहस्थ. इल्झे सोनेरी झग्यात आली, आणि आमची शेजारीण, जी चपला विसरून अनवाणी कचरा टाकायला जाते, ती दिसेनाशी झाली. लोक जेवत होते. काटे-चमचे वाजत होते. ती त्यांच्या वरून, त्यांना न हलवता गात होती. मग ते संथ गाणं आलं. मी टेबलाखाली मिलिंदचा हात धरला.

"काय झालं?" तो कुजबुजला.

"आता येईल."

ती त्या जागेवर आली, आणि आवाज गेला. तिने लगेच हसून मान वळवली, जणू गाण्यातच हसायचं होतं, पियानोवाल्याने जागा भरली, कुणी ताटावरून मान वर केली नाही. मिलिंद म्हणाला, "काय सुंदर हसते ना?"

परत येताना ती आमच्या गाडीत मागे बसली होती. मला खोटं कौतुक करता येत नाही, ऑफिसात यावरून बऱ्याच जणांशी माझं वाकडं आहे. मी म्हटलं, "इल्झे, वर जाताना तिथे आवाज जातो. दोन आठवड्यांपासून जातोय."

मिलिंद म्हणाला, "अगं वृंदा!"

इल्झे पुढे वाकली. मग ती म्हणाली, "पियानोवाल्याला कळलं नाही. मॅनेजरला कळलं नाही. तुम्हाला कसं कळलं?"

"भिंत पातळ आहे."

"एसीमुळे आहे," ती म्हणाली. "हॉटेलच्या."

"डॉक्टरला दाखवा. मी अपॉइंटमेंट घेते."

"डिसेंबरनंतर."

"का?"

"कारण तो म्हणेल, थांबा."

दुसऱ्या दिवशी मी न विचारता तिच्या घरात गेले. ती खिडक्या सताड उघड्या टाकून बसली होती, केस मानेला चिकटलेले, अंगावर ओला टॉवेल. समुद्र घरभर होता. मी कपाट उघडलं. हँगरवर सोनेरी झगा, आणि त्याच्या खांद्यावर हिरवट पावडर, कुणीतरी हळुवार हात ठेवून गेल्यासारखी. गाण्यांचे कागद एकमेकांना चिकटलेले. कपाट ओढलं तर मागची भिंत काळी. ठिपक्यांनी ठिपके धरले होते आणि ते पलंगाच्या उशीपर्यंत पोचले होते. त्या उशीवर डोकं ठेवून ती रोज झोपत होती, एसीपासून गळा वाचवत.

ती माझ्या मागे उभी होती. "रात्री मला वाटायचं की खोलीत कुणीतरी श्वास घेतंय," ती म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, त्याचा खोकला झाला.

मेंटेनन्सवाला आला. त्याने पांढरा रंग मारला आणि हात पुसत म्हणाला, "मॅडम, खलास." मी म्हटलं, आधी घासायला हवं, वाळवायला हवं. "इन्शाल्ला नहीं आएगा," तो म्हणाला. ज्याची खात्री नाही ते इथे असं देवाच्या इच्छेवर सोडतात. दोन आठवड्यांत पांढऱ्यातून करडं वर आलं. एसी मात्र तिने चालू केला. माझ्यासमोर, मी सांगितलं म्हणून, चोवीसवर. आणि तरी भिंतीपलीकडची ती पायरी परत आली नाही. उलट तिच्या शेजारची हलायला लागली.

मग गणपती आले. शनिवार होता, बिल्डिंगमधले परतलेले सगळे आमच्या हॉलमध्ये. सईने इल्झेला आपला निळा कुर्ता घातला होता, त्याच्या बाह्या तिला कोपरापर्यंतच येत होत्या. आरतीला ती टाळ्या वाजवायला लागली आणि घोटाळा झाला. सगळ्यांची टाळी जिथे पडते तिथे तिची पडेना, ती मधल्या जागेत पडे, जॅझवाल्यांची सवय. आधी दोन मुलं तिच्या बाजूला गेली, मग झांजा घेतलेला मिलिंद. दुसऱ्या आरतीपर्यंत अर्धा हॉल लाटव्हियाला होता आणि अर्धा महाराष्ट्रात. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या, "मिलिंदराव, गणपतीला नाचवताय की काय!" इतकं हसणं आमच्या घरात त्यानंतर झालं नाही.

प्रसादानंतर काकूच म्हणाल्या, "आता मॅडमचं एक होऊन जाऊ दे."

मी इल्झेकडे बघून मान हलवली, नको. ती उठली. कारखान्यातल्या बायकांचं एक गाणं म्हणते, म्हणाली, समुद्रावर गेलेल्या माणसांना काठावरून हाक मारायचं. तिने डोळे मिटले. सुरुवात इतकी खालून होती की मोदकाच्या ताटल्या आपोआप खाली ठेवल्या गेल्या. हाक वर चढायला लागली. एक पायरी, आणखी एक. सई माझ्या दंडाला धरून उभी होती. सगळ्यात वरच्या जागेला इल्झेचं तोंड उघडं राहिलं, मानेच्या शिरा ताणल्या, पोट आत गेलं, आणि काहीच आलं नाही. हवासुद्धा नाही. फक्त एसीचा आवाज, समईच्या वाती, आणि ते उघडं तोंड.

लोकांना वाटलं संपलं. टाळ्या पडल्या. काकू म्हणाल्या, "अगदी आपल्या अंगाईसारखं हं!" इल्झेने हात जोडले, सगळ्यांकडे बघून हसली. मग ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभी राहिली. मी पाणी दिलं. तिने ओठ हलवून काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं नाही. तिलाही आलं नसावं, कारण तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की आता ती घाबरली आहे.

करामा भागात ओळखीचे एक डॉक्टर आहेत, मूळ सोलापूरचे. त्यांनी नाकातून नळी घालून पडद्यावर आतलं दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या, उघडझाप करणाऱ्या, आणि एका पट्टीवर दाणा. आमच्या भाजीतला वाटाणा असतो त्याहून लहान. मी बुरशीचं विचारलं. "ताई, भिंतीवरच्या बुरशीने ही गाठ झाली असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण खोकत खोकत त्याच गळ्याने रोज गायल्या, ते नडलं. काढून तपासावं लागेल. आणि आजपासून एक शब्द बोलायचा नाही." इल्झेने फोनवर टाइप करून दाखवलं: नंतर गाता येईल? डॉक्टर प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस. ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "इन्शाल्ला." सोलापूरचा माणूस.

ती ऑपरेशनला रिगाला गेली, बहिणीकडे. जायच्या आधीचे दिवस भिंतीपलीकडे पूर्ण शांतता होती, आणि ती शांतता मला गाण्यापेक्षा जास्त ऐकू येई. सामान मी बांधलं. सोनेरी झगा तिने घेतला नाही, कचऱ्यातही टाकू दिला नाही. तो माझ्याकडे आहे, तीनदा धुतलेला, हवाबंद पिशवीत. निघताना तिने फोन माझ्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: परत गायले की तुम्हाला पाठवीन. गाडीत सांगितलं तसं सांगा. मी हो म्हटलं. तेव्हा ते सोपं होतं.

गाठ साधी निघाली. कळलं तेव्हा मी ऑफिसात रडले, ॲडमिनच्या बाईला रडताना बघून एकाने प्रिंटर दुरुस्त झाला का हे विचारायचं टाळलं. पण जिथून गाठ काढली तिथे व्रण राहिला. डिसेंबरचा कार्यक्रम गेला. सभागृहवाल्यांनी तिला या वर्षीचा डिसेंबर देऊ केला. हिवाळाभर ती फुर्रर्र करत असल्याचं लिहायची, घोड्यासारखं, बस. आवाज कधी पाठवला नाही. मीही मागितला नाही.

मागच्या सोमवारी पाठवला.

व्हॉइस मेसेज, आणि खाली चार ओळी. सभागृहवाल्यांना शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. डॉक्टर म्हणतो भरलं आहे. बहीण म्हणते सुंदर आहे, पण ती बहीण आहे. मला आता ऐकू येत नाही की माझ्यात काय आहे आणि काय नाही. तेच संथ गाणं म्हटलंय, वृंदाताई, भिंतीपलीकडून ऐका तसं ऐका.

शुक्रवार होऊन गेला. तिने पुन्हा लिहिलं, त्यांनी मंगळवारपर्यंत वेळ दिलाय. यल्ला, असंही लिहिलं, चला लवकर अशा अर्थाचा इथला शब्द, शेजारी हसणारा चेहरा.

मिलिंद म्हणतो, "छान आहे म्हण ना. कोण रिगाला जाऊन तपासणार आहे?"

"ती स्टेजवर उभी राहील," मी म्हणते. "आणि तोंड उघडं राहील." त्यानेही ते बघितलं आहे.

सई म्हणते, "आई, व्हॉट इफ इट्स परफेक्ट?" तो विचार मी केलेला आहे. तो विचार करूनही बोट त्या मेसेजपर्यंत जात नाही. कारण आत्ता, ऐकलं नाही तोपर्यंत, ती पायरी तिथे आहे. ऐकलं की मला जे कळेल ते मला कळेलच, आणि मग मला ते सांगावं लागेल.

आज शेजारचा डाग मी व्हिनेगरने घासला, वाळवला, पंखा लावून ठेवला. पुसल्यावर भिंत स्वच्छ दिसते. मागच्या वर्षीही दिसायची. कपाट मुद्दाम मागे लोटलं नाही. कुलूप लावलं, किल्ली खिळ्यावर अडकवली, पुण्याच्या जोडप्याला फोटो पाठवला. काच बाहेरून घामेजली आहे आणि समोरची बिल्डिंग दिसत नाही.

फ्रिजवरच्या आजच्या कामांच्या कागदावर बाकी सगळ्यांवर टिकमार्क झाले. थर्मोस्टॅट. नळ. कपाट. डाग. गणपतीच्या मखराची ऑर्डर. सईच्या शाळेचे बूट. कागद काढून टाकता येत नाही, कारण खाली एक ओळ उरली आहे, सोमवारपासून रोज नव्या कागदावर उतरवलेली: इल्झेचं गाणं ऐकणे.